खुंटीवरचं अंग

१

खुंटी रिकामी होती.

सकाळी आठला हरिओमने कपड्यांच्या खोलीचं कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि तसाच मागे फिरला. "धर्मराजकाका, जरा इकडं या," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजावरूनच धर्मराजने ताडलं, काहीतरी विपरीत आहे.

आतल्या टेबलावर एका बाईचं अंग उसवून ठेवलेलं होतं. पोट वेगळं, पाठ वेगळी, दोन्ही दंड वेगळे. आतला फोम आणि कापूस एका बाजूला नीट रचलेला. डावा पाय तेवढा शाबूत.

खरं अंग नव्हे, घाबरू नका. फॅट सूट होता तो. बारीक नटीने अंगावर चढवायचा, वरून साडी नेसायची, की झाली जाडी बाई तयार. मुंबईची मंडळी बारा दिवसांसाठी परतूरला विनोदी मालिकेचं शूटिंग करायला आली होती. जागा होती मूलचंदशेठची बंद पडलेली कापसाची जिनिंग. धर्मराज तिथला राखणदार. तीस वर्षं त्याने याच आवारात कापूस चिमटीत धरून त्याची प्रत ठरवली. जिनिंग बंद पडली तेव्हा शेठ म्हणाले, इथंच राहा. तोही राहिला. बायको सगुणाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, घरी जाऊन तरी कुणाशी बोलणार?

दिग्दर्शक हर्ष धावत आला. त्या दिवशी मोठा प्रसंग होता. जाड्या नायिकेला कापसाच्या काट्यावर उभं करायचं, काटा मोडायचा आणि गावाने पोट धरून हसायचं. हर्षने टेबलाकडे पाहिलं, मग धर्मराजकडे.

"एकता कुठे आहे?" त्याने विचारलं.

२

आता ही एकता कोण, ते सांगायला हवं. मूलचंदशेठची धाकटी मुलगी, वय सत्तावीस. अंगाने भरपूर. पाहुणे बघायला येत, पोहे खात आणि "कळवतो" म्हणून जात. घरात तिची आई बसंतीबाई तिच्या ताटातले फुलके मोजायची. शूटिंगच्या जागी सुद्धा आईचा डबा यायचा, त्यात दोन फुलके आणि काकडी. तो डबा एकता धर्मराजशेजारी बसून खायची. दिवसभरात धर्मराजशी कुणी दोन शब्द बोलत असेल तर ती एकताच. त्या पोरीवर त्याचा जीव होता, हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

हर्ष आधी जागा बघायला आला होता, तेव्हा मालिकेत जाड नायिका पाहिजे म्हटल्यावर एकता काम मागायला गेली होती. हर्षने तिचं बोलणं ऐकलं, चालणं पाहिलं आणि म्हणाला, "तू फार खरी वाटतेस. लोकांना हसू यायला पाहिजे." मग म्हणाला, "मापं देऊन जा, बघू." तिने दोन तास उभं राहून मापं दिली. दंडाचं, पोटाचं, मांडीचं, सगळं. आठ दिवसांनी मुंबईहून नेहल नावाची सडपातळ नटी आली आणि एकताच्या मापाचा सूट आला. एकताला गर्दी जमवायचं, सामान मिळवून द्यायचं काम दिलं.

पहिल्या दिवशी नेहल तो सूट घालून डुलत डुलत बाहेर आली तेव्हा सगळं आवार हसलं. धर्मराजही हसला. मग त्याची नजर एकताकडे गेली तर तीही हसत होती. त्यानंतर दोन-तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

एकता आली. उसवलेल्या सुटाकडे बघत उभी राहिली.

"हे तू केलंस?" हर्षने विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली. ना हो, ना नाही.

"कुलूप तोडलेलं नाही. एक किल्ली हरिओमकडे, एक काकांकडे आणि तिसरी तुमच्या घरी. मला जे वाटायचं ते वाटतंय." हर्षने घड्याळ पाहिलं. "तुझे वडील जालन्याहून चारला येतायत. तोवर खरं सांग. नाहीतर चारला मी पोलीस ठाण्यात तुझं नाव देतो."

शेठच्या मुलीचं नाव ठाण्यात गेलं की परतूरला ते सांजेपर्यंत घरोघर पोचणार, हे धर्मराजला ठाऊक होतं. मग त्या पोरीला घराबाहेर पडणं मुश्कील.

"साहेब, चारपर्यंत मला बघू द्या," तो म्हणाला. "राखण माझी हाय. चोरी झाली असंल तर पहिला जाब मला विचारा."

हर्षने खांदे उडवले. एकता मात्र धर्मराजकडे अशी बघत राहिली, जणू त्याने मध्ये पडायला नको होतं.

३

धर्मराजने आधी वेळेचा हिशोब लावला. काल चारला हरिओमने खोली बंद केली आणि सगळी मंडळी रेल्वे स्टेशनात शूटिंगला गेली. तिथला प्रसंग स्वप्नातला, नेहल बारीकच दिसायची होती, म्हणून सूट खोलीतच राहिला. गर्दी आवरायला धर्मराजही काठी घेऊन गेला होता. एकताला हर्षने नेलं नाही. "तू येऊ नकोस, उगाच कॅमेऱ्यात येशील," म्हणाला. आठला सगळे परतले आणि आवारात भजी-पुरी खाल्ली. एकतानेही खाल्ली, आणि चांगली पोटभर. खोली कुणी उघडली नाही. नंतर धर्मराजने खोलीच्या दारातच खाट टाकली. म्हणजे जे झालं ते चार ते आठच्या दरम्यान, आवार मोकळं असताना.

नेहल स्टेशनातून सहालाच निघून आली होती. धर्मराज तिच्याकडे गेला. ती एकटीच खुर्चीत बसून मानेला मलम लावत होती. मान, खांदे, काखा, सगळीकडे घामोळ्याचे लाल चट्टे.

"काका, माझ्यावर संशय आहे ना?" ती म्हणाली. "असायलाच पाहिजे. मला तो सूट सहन होत नव्हता."

"गरमी होत असंल."

"गरमीचं काही नाही हो. सूट नसला की चहापाणी बघणारे स्पॉटदादा मला मॅडम म्हणतात, खुर्ची देतात. सूट घातला की तोच माणूस जाताना पाठीवर थाप मारून जातो. काल एकाने पोटात बोट खुपसून बघितलं. आत मीच असते ना?" तिने मलमाचं झाकण लावलं. "पण मी नाही केलं. मी सहाला आले ती सरळ लॉजवर गेले, मॅनेजरला विचारा. आणि मी केलं असतं ना, तर समोर हातभर कात्री होती. चिंध्या केल्या असत्या."

धर्मराज उठता उठता थांबला. कात्री. हरिओमची मोठी कात्री त्या टेबलावरच पडलेली होती, आणि सुटाच्या एकाही तुकड्याला तिचं टोकसुद्धा लागलेलं नव्हतं.

४

हरिओम मूळचा केदारखेड्याचा, पंधरा वर्षं मुंबईत कपडेपटात. तो तुकडे हातात घेऊन बसला होता. चेहरा मेल्यासारखा.

"मीच शिवला होता हो काका. किती मन लावून शिवला होता. त्या पोरीचा डावा खांदा बोटभर उतरता आहे, तोही तसाच काढला. मापाला बिलकुल बराबर."

"मंग तूच उसवला न्हाईस हे मी कशावरून मानू?"

हरिओमने एक तुकडा पुढे केला. "ही शिवण बघा. आमच्यासारख्याने उसवायची म्हटली तर ब्लेडने दोन ठिकाणी छेद द्यायचा आणि दोरा ओढायचा, सरसर निघतो. अर्ध्या तासात अख्खा सूट मोकळा होईल. इथं एकेक टाका टोचून काढलाय. बघा, भोकं कशी रुंदावलीत. शिंप्याचं काम नाही हे. दोन-अडीच तास घालवलेत कुणीतरी."

धर्मराजने तुकडा चिमटीत धरला. तीस वर्षांची सवय, बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचं. कुठे ओढाताण नाही, कुठे फाटलेलं नाही. रागावलेला माणूस असं काम करत नाही. चिंध्या करायला पाच मिनिटं लागतात, इथं कुणीतरी तान्ह्या बाळाचे कपडे हाताळावेत तसं हाताळलं होतं.

शाबूत राहिलेल्या डाव्या पायाच्या शिवणीत, मांडीशी, एक सेफ्टीपिन अडकवलेली होती. तिथवर हात आला होता आणि तिथंच थांबला होता. धर्मराजने दिव्याचं बटण दाबलं, ट्यूब लगेच लागली. म्हणजे उजेड नव्हता म्हणून काम सोडलं, असंही नाही.

"हरिओम, ह्या खोलीत बाहेरचं कुणी आल्तं का, दोन-चार दिवसांत?"

"कुणी नाही. हां, परवा शेठाणी डबा द्यायला आल्या होत्या. दार उघडं होतं. उंबऱ्यात बराच वेळ उभ्या होत्या. मी विचारलं काही पाहिजे का, तर डबा टेकवला आणि निघून गेल्या."

५

एक वाजला. एकता वजनकाट्याच्या कट्ट्यावर एकटी बसली होती. येणारा-जाणारा तिच्यापासून लांबून जात होता. धर्मराजने दोन चहा आणि टपरीवरच्या बरणीतली हत्ती-घोड्याची बिस्किटं आणली.

"खा माय. डबा आला न्हाई आज?"

"पर्युषण चालू हाय. मम्मीचा उपवास हाय वाटतं." एकताने हत्ती उचलला, त्याचं डोकं मोडलं आणि चहात बुडवलं. मग एकदम हसली. "हे बिस्किट आमच्या घरात येत न्हाई, मामा. पाचवीत होते तेव्हा पप्पांनी बाहुलीचा केक आणल्ता. मम्मीनं सुरी लावू दिली न्हाई. जीवाचा आकार असला की त्याला कापायचं न्हाई म्हणे. पिठाचा असो, साखरेचा असो, पाप लागतं. दोन दिवस केक तसाच."

"मंग?"

"मंग काय, मी हातानं बाहुलीचं मुंडकं मोडून खाल्लं. मार बी खाल्ला."

धर्मराजने कप खाली ठेवला. त्याच्या डोक्यात एकामागून एक गोष्टी बसू लागल्या. समोर कात्री, आणि हात पिनेकडे गेला. उसवायचं, पण कापायचं नाही. आणि तो डावा पाय. आठपर्यंत आवार मोकळं होतं, दिवा होता, हातात पिन होती. मग एकच पाय ठेवून कुणी का जाईल?

त्याला जुने दिवस आठवले. शेठ जैन, पर्युषणात कापसाची गाडी अर्धी मोजलेली सोडून उठायचे. गाडीवान बोंबलायचे, आणखी चारच पोती राहिलीत शेठ. शेठ ऐकायचे नाहीत. दिवस बुडायच्या आत घरी पोचायचं, जेवायचं, पाणी प्यायचं. एकदा सूर्य गेला की सकाळपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. त्या घरात ही शिस्त सगळे पाळत. एकता तेवढी पाळत नव्हती. काल अंधार पडल्यावर आठ वाजता ती सगळ्यांसमोर भजी खात होती.

तो उठला.

"कुठं चाललात?" एकताचा आवाज बदलला. "मामा, ऱ्हाऊ द्या ना. कशाला शोधून राह्यलात? नाव द्यायचं तर देऊ द्या माझं."

म्हणजे हिला ठाऊक आहे, धर्मराजला वाटलं. पोरगी आईला पाठीशी घालतेय. त्याचा जीव आणखीच तुटला आणि तो जल्दी जल्दी निघाला.

६

बसंतीबाई ओसरीत माळ घेऊन बसल्या होत्या. साठीची, काटकुळी बाई. धर्मराजला पाहून त्यांनी माळ थांबवली.

"भाभी, एकतावर आळ आलाय," तो उभ्यानेच म्हणाला. "तो सूट तिनंच उसवला म्हणून चार वाजता पोलिसात नाव देऊन राह्यलेत."

बाईंच्या हातातली माळ खाली आली. "तिचं नाव? तिचं का?"

"किल्ली तुमच्या घरची लागली म्हणून. पण तिनं न्हाई केलं. तिनं केलं असतं तर दिवस बुडताना अर्ध्यातून उठली नसती. आणि ती जीवाच्या आकाराचं बिस्किट बी मोडून खाती, भाभी, तिला कात्रीचं काय भ्या? ज्यानं केलं त्याला कापायचं पाप नको होतं आणि पावणेसातच्या आत घरी पोचायचं होतं. शेठ तर काल दिवसभर जालन्यातच. मंग ऱ्हायलं कोण?"

बाईंनी माळ उचलून बाजूला ठेवली.

"परवा डबा द्यायला गेल्ते," शेवटी म्हणाल्या. "दारातून बघितलं तर माझी पोरगी खुंटीला टांगलेली. डोकं न्हाई, पाय लोंबतेले. कुणी सांगायला नको होतं, धर्मराजभाऊ. डावा खांदा उतरता. लहानपणी ह्या हातानं न्हाऊ घातलेलं अंग ते. आणि एक माणूस जाता जाता त्याच्या पोटात गुद्दा मारून हसला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "काल गेले. कात्री समोरच होती. उचलली बी. तिच्या अंगाला कशी लावू? मंग पिन घेतली. वाटलं, सगळं सुटं केलं की ते कुणाचंच राहणार न्हाई. एक पाय ऱ्हायला आणि वेळ झाली."

"मंग सकाळी बोलला का न्हाईत?"

"मला काय ठाऊक तिच्यावर आळ येईल? मला वाटलं, लोक म्हणतील उंदरानं खाल्लं." आणि मग, फार हळू, "मी बी तिला आयुष्यभर हेच म्हणत आले ना भाऊ. कमी हो, कमी हो. ते टांगलेलं बघितलं तेव्हा कळलं, कमी झाली तर ती कोण उरंल."

बाई उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि त्याच्या पुढे चालू लागल्या.

७

साडेतीन वाजता बसंतीबाई आवारात आल्या आणि सगळ्यांच्या देखत हर्षला म्हणाल्या, "तो सूट मी उसवला. माझ्या पोरीचं नाव घेऊ नका."

हर्ष ओशाळला. "तुम्ही? पण का?"

"मला वाटलं, माझी पोरगी टांगलीय."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. दिवेवाला होता बहुतेक. त्याला दुसऱ्याने साथ दिली. म्हातारीला सूट म्हणजे लेक वाटली, असं कुणीतरी पुटपुटलं आणि एकदम सगळ्यांचं मन मोकळं झालं. पोलीस नको, भानगड नको, सगळेच खदखदून हसले. हर्षसुद्धा हसला. "जाऊ द्या आई. दोन दिवसांत नवीन होईल. हरिओम, मापं आहेत ना?"

"आहेत," हरिओम खाली बघत म्हणाला. नेहल एकटी हसली नाही. ती उठून आत निघून गेली.

बसंतीबाई लेकीजवळ गेल्या. "जेवलीस का?"

"न्हाई."

"चल घरी. पोटभर जेव."

एकताने आईकडे असं पाहिलं की जणू हा प्रश्न तिने जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. "तू हो पुढं, मी येते," ती म्हणाली. बाई दोन पावलं गेल्या, थांबल्या, मग एकट्याच फाटकाकडे चालू लागल्या.

धर्मराज एकताशेजारी कट्ट्यावर बसला. काम फत्ते झालं होतं, तरी त्याला मुळीच बरं वाटत नव्हतं.

"आईला वाचवायला गप्प ऱ्हायलीस ना?" त्याने विचारलं.

"मम्मीनं केलं हे मला आत्ता कळलं, मामा."

"मंग काल चार ते आठ तू व्हतीस कुठं?"

"स्टेशनात. नको म्हणले तरी गेल्ते. शूटिंग बघायचं व्हतं. गर्दीत मागं उभी व्हते. तुमीच काठी आडवी लावून म्हणलात, ओ बाई, मागं सरा."

धर्मराजला ती काठी आठवली. समोर आलेला एक रुंद खांदा आठवला. चेहरा आठवेना, कारण त्याने पाहिलाच नव्हता.

"मला का न्हाई सांगितलंस? सकाळीच सुटली असतीस की. मी स्वतः सांगितलं असतं साहेबाला."

एकताने समोर बोट दाखवलं. आवारात हसणं अजून चालूच होतं. कुणीतरी उसवलेलं पोट डोक्यावर घेऊन नाचत होता.

"तुमी माझ्यासाठीच धावलात, मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पण आज सकाळपासून माझ्यावर एक बी माणूस हसला नव्हता. सगळे दबकून व्हते, मामा. मला राग येतो असं त्यांना वाटलं व्हतं." तिने पदर सावरला आणि उठली. "चारपर्यंत तरी थांबायचं व्हतं."